पावसाच्या गावाला पाण्याचा धडा कशाला?

मावळ तालुक्यातली लोहगडवाडी लोहगड आणि विसापूर या दोन किल्ल्यांच्या कुशीत आहे. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला जलविभाजक म्हणतात, तो इथे डोळ्यांसमोर उभा आहे. या रांगेच्या एका अंगाला पडलेला पाऊस भाजे गावाच्या बाजूने इंद्रायणीकडे उतरतो, तर दुसऱ्या अंगाचा पवना धरणात जातो. धरणातून सोडलेलं पाणी नदीपात्रातून रावेतच्या बंधाऱ्याशी पोहोचतं आणि तिथून उचलून पिंपरी-चिंचवडच्या नळांना दिलं जातं. ज्या डोंगरावरून एवढ्या मोठ्या शहराचं पाणी उतरतं, तिथल्या शाळेत ‘पाणी वाचवा’ शिकवायचं, हे अनेकांना विनोदी वाटतं. जलसंपदा विभाग, भूजल यंत्रणा, सामाजिक वनीकरण आणि शिक्षण विभाग यांनी मिळून शाळांमध्ये चालवलेल्या पाणी-शिक्षणाबद्दलही अशाच समजुती आहेत. बहुतेकींच्या मुळाशी एकच चूक दिसते. पाण्याचं शिक्षण म्हणजे काटकसरीचा उपदेश, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो हिशेबाचा विषय आहे.

गैरसमज : मावळात पाऊस धो-धो पडतो, इथे पाण्याचं काय शिकवायचं?

लोणावळ्याचा वार्षिक पाऊस चार हजार मिलिमीटरच्या घरात आहे, हे खरं. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि पडतो तो तीव्र उतारावर, काळ्या बेसॉल्टवर. हा खडक पाणी साठवण्यात कंजूष आहे. भूजलाच्या हिशेबात बेसॉल्टची विशिष्ट देय क्षमता साधारण २ टक्के धरतात. म्हणजे पाण्याने भरलेल्या शंभर घनमीटर खडकातून जेमतेम दोन घनमीटर पाणी हाती लागतं. त्यामुळे पाऊस थांबला की डोंगरउतारावरचे ओढे लवकर आटतात आणि जुलैत धबधबा पाहायला आलेल्या पाहुण्याला एप्रिलमधला कोरडा कातळ ओळखू येत नाही. इथे कमी पडते ती साठवण. आता शाळेच्या छताचा हिशेब करून पाहू. छत शंभर चौरस मीटर आहे आणि पाऊस हात राखून तीन हजार मिलिमीटर धरला आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. वीस टक्के वाया गेलं तरी २ लाख ४० हजार लिटर पाणी पन्हळीतून वाहून जातं. पन्नास मुलांना रोज पाच लिटर याप्रमाणे उन्हाळ्याकडच्या शंभर दिवसांना लागतात २५ हजार लिटर. त्यासाठी चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दोन मीटरहून थोडी खोल टाकी पुरते. ती भरायला सव्वातीनशे मिलिमीटरही पाऊस लागत नाही. जुलैतला एखादा ओला आठवडा तेवढा देऊन जातो. हे गणित पाचवी-सहावीच्या मुलाला जमतं आणि ‘पाणी हेच जीवन’ शंभरदा लिहिण्यापेक्षा जास्त शिकवतं.

गैरसमज : पूर्वी निसर्गच पुरवत होता, हा खटाटोप आजचा आहे

मावळातला दगड याच्या उलट साक्ष देतो. भाजे आणि कार्ले इथल्या लेण्यांमध्ये राहत्या खोल्यांइतक्याच काळजीने पाण्याची टाकी खोदलेली आहेत. अशा टाक्याला जुन्या शिलालेखांत ‘पोढी’ म्हणतात. याच तालुक्यातल्या पाले इथल्या लेण्यातला दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख लेणं आणि पोढी करवून घेतल्याची नोंद करतो. त्या काळीही डोंगरावर राहायचं तर निवारा आणि पाण्याची साठवण या दोन्ही गोष्टी एकत्रच कराव्या लागत, एवढं त्यातून कळतं. लोहगडावरही कातळात खोदलेली टाकी आहेत. नाना फडणवीसांच्या नावाशी जोडलेलं सोळा कोनी टाकंही तिथेच आहे. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून लोहगडही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. शाळेची सहल गडावर येते तेव्हा तटबंदी आणि दरवाजे दाखवले जातात, विंचूकाटा माचीवर फोटो निघतात, आणि टाकं बघायचं राहून जातं. टाक्याविना गडावर शिबंदी राहू शकली नसती, ही गोष्ट इतिहास आणि पाणी दोन्ही एकदम शिकवते.

गैरसमज : नळ नीट बंद केला की पाणी वाचलं

सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाकाठी चारेक लिटर पाणी घालवतो, वर्षाचे झाले सुमारे दीड हजार लिटर. तो बंद करायलाच हवा. पण त्याच शाळेच्या छतावरून वर्षाला जाणाऱ्या २ लाख ४० हजार लिटरशेजारी हा आकडा ठेवून पाहा. देशात वापरल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातला सर्वांत मोठा, सुमारे चार पंचमांश वाटा शेतीचा आहे. घरगुती वापर त्यामानाने लहान. मुलांना फक्त नळाचा धडा दिला, तर टंचाईचा दोष त्यांच्या तांब्या-बादलीवर येतो आणि मोठे प्रश्न वर्गाबाहेर राहतात. भाताच्या खाचरात किती पाणी लागतं, शनिवार-रविवारच्या पर्यटकांना ते कुठून दिलं जातं, विंधन विहीर घेतली तर शेजारच्या झऱ्याचं काय होतं, हेही मुलांपुढे आलं पाहिजे. घोषवाक्य मुलाला अपराधी करतं. हिशेब हाती आला की मूल प्रश्न विचारू लागतं.

गैरसमज : घरोघरी नळ आला, आता विषय संपला

जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ ला झाली. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर हे मिशनचं मोजमाप. शाळा आणि अंगणवाड्यांत नळ पोहोचवण्यासाठी २ ऑक्टोबर २०२० पासून शंभर दिवसांची वेगळी मोहीमही झाली. नळामुळे बायका-मुलींच्या डोक्यावरचा हंडा उतरतो, ही मोठी गोष्ट आहे. पण नळ पाणी आणतो, निर्माण करत नाही. उगमाचा झरा किंवा विहीर आटली तर तोटी कोरडीच राहते. शिवाय आलेलं पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे पिण्याजोगं असतं, हीही फसगत आहे. जिवाणू तपासणीची छोटी बाटली असते. तिच्यात ठरलेल्या खुणेपर्यंत पाणी भरून ठेवायचं. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत ते काळं पडलं तर पाण्यात मैल्याचा अंश असण्याची शक्यता मोठी. नितळ दिसलेलं पाणी दुसऱ्या दिवशी काळं पडलेलं मुलांनी एकदा पाहिलं, की पाणी उकळून का प्यायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

गैरसमज : हे शाळेचं काम आहे, सरकारी खाती नुसती कार्यक्रमापुरती येतात

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय शाळांना बंधनकारक झाला, हे खरं. पण पाण्याची माहिती एकट्या शाळेकडे नसते. महाराष्ट्रात ती अनेक खात्यांत विखुरलेली आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करते आणि निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत. जलसंपदा विभाग २०१६ पासून १६ ते २२ मार्चला जलजागृती सप्ताह पाळतो. त्याच वर्षी पुण्याच्या ‘यशदा’ या सरकारी प्रशिक्षण संस्थेत जलसाक्षरता केंद्र उभं राहिलं आणि जलनायकांपासून जलसेवकांपर्यंत स्वयंसेवकांची साखळी आखली गेली. शाळांमधली राष्ट्रीय हरित सेना सामाजिक वनीकरण विभाग सांभाळतो. नववी-दहावीसाठी ‘जलसुरक्षा’ हा विषय आणि त्याचं पाठ्यपुस्तकही आहे. म्हणजे साहित्य आणि माणसं दोन्ही आहेत. कार्यक्रमापुरतं येण्याचा आरोप मात्र सर्वस्वी खोटा नाही. उणीव वेळापत्रकाची आहे. मार्चमधला सप्ताह परीक्षांच्या तोंडावर आणि कोरड्या दिवसांत येतो, तर मावळचं पाणी समजून घेण्याचे महिने जून ते ऑक्टोबर. सहकार्य करायचं तर एकाच फलकावर चार बोधचिन्हं छापून भागणार नाही. भूजल यंत्रणेने ऑक्टोबर आणि मेमधलं विहिरीचं मोजमाप मुलांसमोर करावं, वनीकरणाने झऱ्याच्या वरच्या उतारावर काय लावायचं ते मुलांसह ठरवावं, ग्रामपंचायतीने टाकीचा खर्च उचलावा आणि शाळेने नोंदवही ठेवावी. प्रत्येकाने आपल्याकडे जे आहे तेच द्यायचं आहे.

गैरसमज : मुलांच्या शिकण्याने काय फरक पडणार?

या आक्षेपात दोन रास्त मुद्दे आहेत. पहिला असा की, धोरण मोठ्यांच्या हाती असताना ओझं मुलांवर कशाला? हे बरोबर आहे. म्हणूनच मुलांकडून त्यागाची अपेक्षा न ठेवता त्यांच्या हाती मोजमाप द्यावं. दुसरा मुद्दा असा की, दोन शिक्षकी शाळेत आधीच कामांचा ढीग असतो. त्याचं उत्तर मोजमापाच्या साधेपणात आहे. हवामान खात्याची पर्जन्यनोंद रोज सकाळी साडेआठला होते. शाळेनेही ती वेळ पाळली की आकडे जुळवता येतात. तळ आणि तोंड सारख्या रुंदीचं सरळ उभं भांडं मोकळ्या जागी ठेवायचं, पट्टी बुडवायची, जितके मिलिमीटर पाणी तितका पाऊस. काम पाच मिनिटांचं आणि त्यातच गणिताचा तास होऊन जातो. पावसाच्या जोडीला महिन्यातून एकदा झऱ्याची धार मोजावी. बादली भरायला किती सेकंद लागतात ते लिहिलं की झालं. चार-पाच वर्षांत ही वही गावातला एक दस्तऐवज होते. झरा पूर्वी मेपर्यंत टिकायचा आणि आता मार्चमध्येच आटतो, हे कुणा आजोबांच्या आठवणीवर न राहता तारखेनिशी कागदावर येतं. ग्रामसभेत योजना मागताना अशा कागदाचं वजन असतं.

लोहगडवाडीच्या एका अंगाचं पाणी इंद्रायणीत जातं, दुसऱ्याचं पवनेत, आणि पुढे दोन्ही भीमेतून उजनी धरणाला मिळतात. एवढा लांबचा प्रवास करणाऱ्या पाण्याची पहिली नोंद उगमाच्या गावातल्या शाळेत व्हावी, ही अपेक्षा मोठी नाही. येत्या जूनमध्ये आपल्या गावच्या शाळेत सरळ तोंडाचं एक भांडं आणि एक वही आहे का, ते पाहा. नसेल तर नेऊन द्या. आणि मेमध्ये ग्रामसभेला जाल तेव्हा ती वही बरोबर घ्या.