लिलावातले घर : बोली लावण्यापूर्वी हिशेब मांडा

दैनिकांच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरांत बँकांच्या लिलावाच्या नोटिसा येतात. कर्ज थकलेल्या सदनिका, गाळे, रो-हाउस. पुढे राखीव किंमत आणि लिलावाची तारीख. विहारातल्या बैठकीनंतरच्या गप्पांत आता या नोटिसांचीही चर्चा होते. रेल्वे, महापालिका, बँक, आयुर्विमा यांतून निवृत्त झालेल्या बांधवांच्या हाती भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटीची रक्कम येते. कमी किमतीत घर घ्यावे, ते भाड्याने द्यावे, म्हातारपणी दरमहा चार पैसे यावेत, हा विचार वाईट नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, त्याच्या नावावर दुसरे घर होणे ही अभिमानाचीच गोष्ट आहे. परंतु ही रक्कम आयुष्यात एकदाच येते. म्हणून वाचक बंधू-भगिनींपुढे या व्यवहाराची दुसरी बाजू आम्ही ठेवत आहोत.

घर स्वस्त का असते?

२००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना न्यायालयात दावा न लावता तारण घर विकण्याचा अधिकार दिला. कर्जदाराला ६० दिवसांची नोटीस, नंतर ताबा, नंतर लिलाव असा हा क्रम आहे. पण बँक घर विकते ते ‘जसे आहे तसे, जेथे आहे तेथे’ या अटीवर. या सहा शब्दांतच स्वस्ताईचे कारण आहे. घरात कोण राहते, किती थकबाकी आहे, कागद पुरे आहेत का, याची जबाबदारी खरेदीदाराच्या अंगावर येते. किंमत कमी असते, कारण जोखीम विकत घ्यायची असते!

ताबा कोणता, ते वाचा

नोटिशीत ‘प्रतीकात्मक ताबा’ असे लिहिले असेल तर थांबा. याचा अर्थ दारावर कागद चिकटवला आहे, पण आत कुटुंब राहते आहे. प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायद्याने त्यास ३० दिवस, फार तर ६० दिवस दिले आहेत. प्रत्यक्षात महिनोन्‌महिने जातात. शिवाय कर्जदार ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतो. तेथे स्थगिती मिळाली की आपले पैसे बँकेत आणि आपण दाराबाहेर. तारण ठेवण्याआधीपासूनचा खरा, कायदेशीर भाडेकरू आत असेल तर त्याला सहज काढता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

पैशाची घाई

बोलीत भाग घेण्यासाठी साधारणपणे राखीव किमतीच्या दहा टक्के अनामत भरावी लागते. बोली आपल्या नावे सुटली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत अनामत धरून २५ टक्के भरायचे. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मान्यता दिली तर ही मुदत वाढते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. ‘आधी बोली लावू, कर्जाचे मागाहून पाहू’ असे म्हणणाऱ्याची येथेच फसगत होते. मुदत चुकली तर भरलेली रक्कम जप्त होते. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेही अशी २५ टक्क्यांची जप्ती कायम ठेवली आहे. तेव्हा कर्ज लागणार असेल तर मंजुरीचे पत्र आधी हातात हवे.

थकबाकी कोणाची?

जुन्या मालकाचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, पाणीपट्टी, वीजबिल ही सारी थकबाकी शेवटी नव्या मालकाच्या दारी येते. विजेच्या बाबतीत तर नियमात तरतूद असेल तेथे जुनी बाकी नव्या मालकाकडून मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये सांगितले. म्हणून बोलीपूर्वी सोसायटीच्या सचिवांना भेटून बाकीचा आकडा लेखी घ्यावा. महापालिकेच्या व वीज कंपनीच्या कार्यालयातही चौकशी करावी. दुय्यम निबंधकांकडील नोंदींचा तीस वर्षांचा शोध वकिलामार्फत घ्यावा. त्याची फी वाचवू नये.

आता भाड्याचा हिशेब

समजा, घर ३० लाखांना मिळाले. मुद्रांक व नोंदणी सुमारे २ लाख, सोसायटी व इतर बाकी दीड लाख, दुरुस्ती २ लाख. घर पडले साडेपस्तीस लाखांना. भाडे महिना ९ हजार धरले तर वर्षाचे १ लाख ८ हजार. एक महिना घर रिकामे राहिले तर ९ हजार गेले. मेंटेनन्स व कराचे २४ हजार गेले. हाती उरले ७५ हजार, म्हणजे शेकडा दोनच्या थोडे वर. बँकेतल्या साध्या मुदत ठेवीवर याच्या दुपटीहून अधिक व्याज मिळते आणि गृहकर्जाचे व्याज त्याहूनही जास्त असते. घराची किंमत वाढेल हे खरे; पण औषधाचे बिल वाढलेल्या किमतीतून भागत नाही, ते महिन्याच्या पैशातून भागते.

आमचे मत स्पष्ट आहे. स्वतः राहण्यासाठी, प्रत्यक्ष ताबा बँकेकडे असलेले आणि कागद स्वच्छ असलेले घर लिलावात मिळत असेल तर अवश्य विचार करावा. केवळ भाड्यासाठी, तेही कर्ज काढून घेणार असाल तर दहा वेळा हिशेब करावा. चौघे मित्र मिळून एकाच्या नावाने बोली लावण्याचा प्रकारही टाळावा. ज्याच्या नावाने बोली, त्याच्याच नावाने विक्री प्रमाणपत्र मिळते. उरलेल्या तिघांच्या हाती केवळ विश्वास राहतो. नाव जोडायचेच तर पत्नीचे जोडा. स्त्रीच्या मालमत्तेच्या हक्कासाठीही बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते रखडले तेव्हा १९५१ साली मंत्रिपद सोडले, हे आपल्या घराच्या कागदावरही दिसावे.

घरमालक झाल्यावर

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असावाच लागतो. ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादाच्या वेळी भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात आणि घरमालकाला दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. मुदत संपूनही घर सोडले नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते व दुप्पट भाड्याइतकी भरपाई मागता येते. पोलीस पडताळणी करून घ्यावी. सोसायटीला बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही.

आणि एक गोष्ट कायद्याच्या पलीकडची. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना हाकलले गेले. आडनाव ऐकून ‘खोली आत्ताच गेली’ म्हणणारे घरमालक आजही आपल्या मुलामुलींना भेटतात. आपण घरमालक झालो की ही रीत आपल्या दारात तरी मोडली पाहिजे. भाडेकरूची नोकरी विचारा, करार विचारा. जात, धर्म आणि ताटातले अन्न विचारू नका.

नोटीस आपल्याच दारी आली तर

लिलावातल्या घरामागे एखादे मोडलेले कुटुंब असते. उद्या ते आपलेही असू शकते. अशी नोटीस आली तर ती लपवू नये. साठ दिवसांत बँकेकडे लेखी हरकत नोंदवावी. तिला १५ दिवसांत उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. हप्ते बांधून मागावेत. २०१६ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस निघेपर्यंतच राहतो. म्हणून पहिल्याच पत्राला जागे व्हावे.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. धन असण्याचे सुख आणि त्याच्या उपभोगाचे सुख ही त्यांतली दोन. तिसरे ऋण नसण्याचे आणि चौथे निर्दोष वागण्याचे. घर घेताना पहिल्या दोहोंकडे सर्वांचे लक्ष असते; उरलेल्या दोहोंचाही हिशेब त्याच वहीत मांडावा, एवढीच आमची विनंती.

जयभीम!