कुलाबा किल्ल्यावर चालत कधी जायचं?

काल अलिबागच्या किनाऱ्यावर एका कुटुंबाने विचारलं, "दादा, पाणी कधी उतरेल?"

आमच्याकडचा जुना हिशोब सांगतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती. सहा तास मागेपुढे ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास. किल्ल्यातल्या गणपतीला माघी चतुर्थीला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फारसं हटत नाही. त्या दिवसांत पायी जाण्याचा हट्ट नको. निघण्याआधी स्थानिकांना विचाराच.

आता किल्ला. शिवरायांनी अखेरच्या काळात काम सुरू केलं. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं झालं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी किल्ला पडला नाही.

तटाजवळ गेलात की दगडांच्या सांध्यांत बोट घालून बघा. चुना नाही! मोठाले चिरे नुसते एकावर एक रचलेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं, तिचा जोर तिथेच मोडतो. मला तर तोफांपेक्षा हीच करामत जास्त भावते.

आणि चारही बाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे, तीही चुकवू नका.

परतताना गावातली कान्होजींची समाधी बघा. ते १७२९ मध्ये गेले.

जायची तारीख ठरली असेल तर कॉमेंटमध्ये तिथी लिहा, वेळ काढून देतो.