*डोस कमी, म्हणजे विषही कमी? ‘नॅनो’ तणनाशक घेण्याआधी हे वाचा*



सोयाबीन १५-२० दिवसांचं झालं की खुरपणीला माणूस मिळत नाही, आणि वापसा येईपर्यंत कोळपंही चालत नाही. मग तणनाशकाकडे हात जातो. त्यात काही चूक नाही. पण गेल्या आठवड्यात आपल्या एका सभासदाने बाटलीचा फोटो पाठवला. वर मोठ्या अक्षरात ‘नॅनो’ लिहिलेलं. दुकानात त्यांना सांगितलं होतं, “डोस एकदम कमी, त्यामुळे जमिनीला, पाण्याला काही त्रास नाही.” त्यांनी विचारलं, “सर, हे खरं हाय का?”

प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तर सगळ्यांनाच देतो.

*नॅनो म्हणजे काय?*
तणनाशकाचं औषध अतिशय बारीक कॅप्सूलमध्ये भरतात. एका केसाच्या जाडीत अशा शेकडो कॅप्सूल बसतील. औषध पानात लवकर शिरतं, हळूहळू सुटतं, म्हणून कमी लागतं. हे थोतांड नाही. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी ॲट्राझिन (आपण ऊस, मका, ज्वारीत वापरतो तेच) अशा कॅप्सूलमध्ये भरलं. २०१५ च्या त्यांच्या अभ्यासात दहापट पातळ केलेलं नॅनो ॲट्राझिनही मोहरीच्या रोपांवर चांगलं चाललं. आपल्या देशात तमिळनाडू कृषी विद्यापीठातही कोरडवाहू शेतीसाठी नॅनो तणनाशकांवर काम झालंय.

*मग अडचण कुठे?*
ब्राझीलमध्येच २०१४ साली हेच औषध पाण्यातल्या जीवांवर तपासलं. शेवाळाला कॅप्सूलमधल्या औषधाचा त्रास साध्यापेक्षा *कमी* झाला. पण पाणपिसूला *जास्त* झाला. पाणपिसू म्हणजे तळ्याच्या, विहिरीच्या पाण्यात उड्या मारत पोहणारा मोहरीएवढा जीव. माशांची पिल्लं त्यावर जगतात. ती पाणी गाळून खाते, त्यामुळे पाण्यातले बारीक कण थेट तिच्या पोटात जातात.

म्हणजे औषध एकच, पण रूप बदललं की कोणाला किती लागणार तेही बदलतं. ते नुसते मिली मोजून कळत नाही.

साध्या औषधातही हे दिसलंय. ग्लायफोसेटच्या काही उत्पादनांत औषध पानाला चिकटावं म्हणून जे द्रव्य घालतात, तेच बेडकाच्या पिल्लांना मूळ औषधापेक्षा घातक ठरलं.

*हिरवा त्रिकोण पाहून निश्चिंत होऊ नका*
बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण हे औषध पोटात गेलं किंवा अंगावर पडलं तर किती विषारी, एवढंच सांगतो. मासे, गांडूळ, मधमाशी, मागून येणारं पीक यांचं तो काहीच सांगत नाही.

*आपल्यासाठी हे का महत्त्वाचं?*
२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आपल्याकडे पाणी मुळातच थोडं, त्यात उतरलेलं औषध पातळ व्हायला जागाच नाही. भूजलात सापडतं म्हणून युरोपीय संघाने २००४ मध्ये ॲट्राझिनची मान्यता काढून घेतली.

दुसरं, रब्बी. औषध हळू सुटणं हा नॅनोचा गुण, पण तेच जमिनीत रेंगाळलं तर पुढच्या पिकाला भोवू शकतं. साधं इमॅझेथापायरसुद्धा जास्त डोसने किंवा उशिरा मारलं आणि पाऊस कमी झाला, तर मागून पेरलेल्या ज्वारीला फटका बसू शकतो.

*आता काय करायचं?*

१️⃣ बाटलीवर *कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक*, औषधाचं नाव, पीक आणि डोस पाहा. तणनाशकही याच १९६८ च्या कायद्यात येतं. क्रमांक नसेल तर घेऊ नका. नॅनो युरिया हे खत आहे, त्याचा कायदा वेगळा. त्याच्या नावावर तणनाशकाचा भरवसा धरू नका. पक्कं बिल घ्याच.

२️⃣ नॅनोचा डोस साध्याला आणि साध्याचा नॅनोला लावू नका. सोयाबीनमध्ये साधं इमॅझेथापायर १० टक्के असेल तर *एकरी ४०० मिली, २०० लिटर पाणी*, पेरणीनंतर १५-२० दिवसांत, जमिनीत ओल असताना.

३️⃣ वारा असताना फवारू नका. फ्लॅट फॅन नोझल वापरा. विहीर, नाला आणि बांधाच्या कडेची पट्टी सोडा. तिथल्या फुलांवरच्या मधमाश्या पुढे आपल्याच तुरीला, करडईला उपयोगी पडतात.

४️⃣ पंप धुतलेलं पाणी नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. फवारलेल्या रानातच पांगवून टाका.

५️⃣ तारीख, औषध, डोस वहीत लिहा. सोयाबीन निघाल्यावर फवारलेल्या रानातली माती एका कुंडीत आणि न फवारलेल्या जागेची दुसऱ्या कुंडीत घ्या. रब्बीत जे पेरायचं त्याचे १०-१० दाणे दोन्हीत लावा. १५ दिवसांत पहिल्या कुंडीतली रोपं पिवळी किंवा खुरटी दिसली तर पेरणीआधी मला फोन करा.

त्या सभासदाच्या बाटलीवर नोंदणी क्रमांक नव्हता. बिल असल्यामुळे त्यांना ती परत करता आली. उद्या नीट तपासलेलं, नोंदणी झालेलं नॅनो तणनाशक आलं तर मीच तुम्हाला कळवीन. तोवर ‘नॅनो’ या शब्दाला भुलू नका, मागचं लेबल वाचा. अक्षरं बारीक असतील तर घरातल्या लेकरांकडून वाचून घ्या, नाहीतर दोन्ही बाजूंचा फोटो मला पाठवा. *विकत घेण्याआधी.*

तुमचा,
कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी, लातूर 🌱