मोकळ्या रानाचे तिकीट

आपल्या महाविद्यालयाच्या पावसाळी सहलीची सूचना फलकावर लागली, की दोन दिवसांत नावांची यादी भरते, आणि यादी भरताना एक वाक्य मला दरवर्षी ऐकायला मिळते : "सर, त्या दिवशी घरी काम आहे." हे बोलणारा विद्यार्थी चालण्यात कुणाला हार जाणारा नसतो. खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावाहून बसथांब्यापर्यंत तो रोजच बरेच चालतो. सहलीची वर्गणी मात्र त्याने सूचनेत आधीच वाचलेली असते. मी इतकी वर्षे अर्थशास्त्र शिकवतो. पण या वाक्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला तो परदेशात, एका पाटीसमोर. त्या पाटीची हकीकत पुढे येईलच. आधी प्रश्न नीट मांडू. डोंगर, जंगल, नदीकाठ ही सर्वांच्या मालकीची जागा. तिथे जायला पैसे घ्यावेत का, आणि घेतले तर ते कोणत्या रीतीने न्याय्य ठरतील?

२०१९ च्या उन्हाळ्यात मी अमेरिकेत सिएटलजवळ मुलीकडे राहायला गेलो होतो. तिथून माउंट रेनियरचे हिमशिखर दिसते. उंची १४,४१० फूट. भोवतीचा प्रदेश १८९९ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. आत जायला त्या वेळी मोटारीला ३० डॉलर पडत, आणि पायी किंवा सायकलने येणाऱ्याला माणशी १५. याखेरीज ८० डॉलरचा एक वार्षिक पास मिळे. त्यावर देशातल्या सगळ्या राष्ट्रीय उद्यानांत आणि केंद्र सरकारच्या इतर रानांत वर्षभर गाडीसकट प्रवेश मिळत असे. मुलीकडे तो पास होता; पण तो तिच्या एकटीचा नव्हता. शेजारच्या बाईंनी आणि हिने चाळीस-चाळीस डॉलर घालून तो मिळून घेतला होता.

मी म्हणालो, "अगं, ही फसवणूक नाही का? पास एक आणि वापरणारी घरे दोन!"

ती हसून म्हणाली, "बाबा, पाठीमागे बघा की. दोन सह्यांना दोन रेघा त्यांनीच आखून दिल्यात."

खरेच तसे होते. पासाच्या पाठीवर दोन मालकांच्या सह्यांची सोय होती, आणि ते दोघे एका घरातले असावेत अशीही अट नव्हती. फाटकावर सही करणाऱ्यापैकी एकाने ओळखपत्रासह हजर असले म्हणजे झाले. दोन्ही घरांना एकाच रविवारी बाहेर पडायचे असले, की गुरुवारपासून फोन सुरू होत, एवढीच काय ती अडचण.

आता या पासाचा हिशोब पाहा. फाटकावर ३० डॉलर आणि पास ८० डॉलरला. म्हणजे वर्षात तीन वेळा गेले की पास वसूल, आणि चौथ्या फेरीपासून रान फुकट. पण ज्याच्या हातात एका वेळी ८० डॉलर नाहीत, किंवा ज्याला वर्षात एकच सुट्टी मिळते, तो दर फेरीला पूर्ण ३० मोजतो. पोते घेणाऱ्याला तांदूळ स्वस्त आणि रोज किलोभर घेणाऱ्याला महाग, हा आपल्या बाजारपेठेतला नियम डोंगरालाही लागू पडतो. तसेच गाडीतून आलेल्या पाच जणांना माणशी ६ डॉलर पडतात, आणि एकट्याने चालत आलेल्याला १५. दोन सह्यांची सोय ही या विषमतेवरची एक छोटी फुंकर होती. मात्र तिच्यासाठी तुमच्याच आवडीची आणि विश्वासाची शेजारीण लागे.

ही पद्धत एकाएकी आलेली नाही. यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान १८७२ साली झाले. रेनियरला १९०८ साली मोटारी येऊ लागल्या तेव्हाच त्यांच्यावर शुल्क बसले. रस्त्यांचा खर्च मोटारवाल्याने द्यावा, असा त्यामागचा सरळ विचार. १९६४ च्या कायद्यानंतर १९६५ पासून सात डॉलरचा 'गोल्डन ईगल' नावाचा वार्षिक पास निघाला. पुढे १९९६ साली एक प्रयोग सुरू झाला, आणि त्याने सगळा रोखच बदलला. तोवर फीचा पैसा सरकारी तिजोरीत जाई. आता त्यातला ८० टक्के ज्या ठिकाणी जमला त्याच ठिकाणी खर्च करण्याची मुभा मिळाली. २००४ साली या व्यवस्थेचा कायदा झाला आणि २००७ पासून ८० डॉलरचा नवा पास आला.

पैसा जमला तिथेच राहावा, ही गोष्ट ऐकायला चांगली वाटते, आणि बऱ्याच अंशी ती चांगली आहेही. आपल्या तीस डॉलरांतून शौचालय दुरुस्त झाले, पायवाटेवरचा पडका पूल पुन्हा बांधला, हे माणसाला डोळ्यांनी दिसते. पण याला दुसरी बाजू आहे. जिथे गर्दी तिथे पैसा, आणि जिथे फाटकच नाही तिथे काहीच नाही. तिथली राष्ट्रीय उद्याने आणि स्मारके मिळून चारशेहून अधिक ठिकाणे आहेत. त्यांतल्या बहुसंख्य ठिकाणी प्रवेशाला पैसे पडत नाहीत. शिवाय ज्या अधिकाऱ्याचा खर्च गाड्यांच्या संख्येवर चालतो, त्याला गाड्या हव्याशा वाटू लागतात. रानाला त्या हव्या असतात असे नाही.

म्हणून २००४ च्या कायद्यात एक मेख मारून ठेवली आहे, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म तिच्यात आहे. राष्ट्रीय उद्यानांना फाटकावर प्रवेशमूल्य घेता येते. पण राखीव वनांची गोष्ट वेगळी. तिथे नुसती गाडी उभी केली, किंवा कोणतीही सोय न वापरता रानातून चालत गेले, म्हणून पैसे घेता येत नाहीत. एखाद्या जागी नेहमीची फी घ्यायची तर आखलेला वाहनतळ, कायमचे शौचालय, कचऱ्याची कायमची पेटी, माहितीचा फलक, बसून जेवायची बाके आणि सुरक्षेची व्यवस्था अशा सहाही गोष्टी हव्यात. म्हणजे मोल सोयीचे, जमिनीचे नव्हे. ॲरिझोनातल्या माउंट लेमनवर वनखाते सरसकट फी घेत होते, तेव्हा काही पदभ्रमण करणारे न्यायालयात गेले. २०१२ साली अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तो याच कलमाच्या आधारे. त्याच कायद्यात आणखी एक सवलत आहे : ज्यांना कायद्याने किंवा जुन्या तहाने त्या रानात शिकारीचा वा मासेमारीचा हक्क आहे, त्यांच्याकडून ही फी घ्यायची नाही. मूळच्या रहिवाशांना त्यांच्याच रानाचे तिकीट विकणे शोभणारे नाही, एवढी जाण कायद्याने ठेवली.

आता ती पाटी. केंद्र सरकारचा पास राज्य सरकारच्या जागेत चालत नाही. वॉशिंग्टन राज्याने आपल्या उद्यानांवरचा खर्च तिजोरीतून करणे आवरते घेतले, आणि १ जुलै २०११ पासून स्वतःचा निराळा पास काढला. तो वर्षाला ३० डॉलर आणि दिवसाला १० डॉलर होता. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये वार्षिक पास ४५ डॉलरचा झाला. पासावर दोन गाड्यांचे क्रमांक लिहिता येतात. म्हणजे वाटून घेण्याची सोय इथेही आहे. पण रान एकच, झाडे तीच, आणि मधल्या अदृश्य रेघेपलीकडे गेले की पास दुसरा! पास नसेल तर दंड ९९ डॉलर.

एका रविवारी आम्ही अशाच एका राज्य उद्यानात गेलो. पाटीपाशी आमच्यापुढे एक जुनी गाडी थांबली होती. मागच्या बाजूला मुले, काचेला चिकटलेली. बाई खाली उतरल्या, पाटी वाचली, पर्स उघडून आत पाहिले, गाडीतल्या माणसाशी दोन शब्द बोलल्या, आणि गाडी वळवून ती मंडळी निघून गेली. त्यांना दुसरीकडे जायचे असेल, किंवा रस्ता चुकला असेल; मी काही विचारायला गेलो नाही. पण माझ्या मनात आले, की या उद्यानाच्या वार्षिक अहवालात आमची गाडी मोजली जाईल, ती गाडी मोजली जाणार नाही. फाटक आत आलेल्यांची गणती करते. मागे फिरलेल्यांचा आकडा कोणत्याच वहीत नसतो. आणि आपल्या सहलीच्या यादीतही "घरी काम आहे" म्हणणाऱ्याचे नाव नसते!

यावर कुणी म्हणेल, की मग सगळेच फुकट करा. तेही सोपे नाही. रस्ते, शौचालये, वणव्यावरची नजर, हरवलेल्यांचा शोध या सगळ्याला पैसा लागतोच. २०१९ च्या सुमारास तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत रखडलेली दुरुस्तीच सुमारे १२ अब्ज डॉलरची होती. हा सारा भार करांवर टाकला, तर जो कधीच जात नाही तोही देतो. आणि जो पायवाट झिजवतो त्याने थोडे अधिक द्यावे, यात गैर काही नाही. पण भार सगळा फाटकावरही टाकता येत नाही. २०१७ साली सतरा प्रसिद्ध उद्यानांचे गर्दीच्या मोसमातले शुल्क गाडीमागे ७० डॉलर करण्याचा प्रस्ताव आला. लोकांनी लाखावर हरकती व सूचना पाठवल्या, आणि २०१८ मध्ये तो मागे घेऊन किरकोळ वाढीवर भागवण्यात आले. रखडलेल्या दुरुस्तीसाठी मोठी रक्कम पुढे २०२० च्या स्वतंत्र कायद्याने सरकारनेच दिली. सारांश, पाया करांचा आणि वरची थोडी भर फीची, हे प्रमाण ठीक. पाया फीवर रचला की रान हळूहळू ऐपतवाल्यांचे होते.

परक्या माणसाने अधिक द्यावे का, हा आणखी एक वाद. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत अनिवासी पाहुण्यांसाठी वार्षिक पास २५० डॉलरचा झाला, आणि यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी यांसारख्या अकरा उद्यानांत सोळा वर्षांवरील अनिवासी पाहुण्याला, त्याच्याकडे तो पास नसेल तर, नेहमीच्या शुल्काखेरीज माणशी १०० डॉलर द्यावे लागू लागले. हे वाचून चिडण्याआधी आपण विजापूरचा गोलघुमट आठवावा. तिथे आपल्या तिकिटाहून परदेशी पाहुण्याचे तिकीट कितीतरी महाग असते, आणि आपल्याला त्यात कधी काही वावगे वाटलेले नाही. रहिवाशाने करातून एक वाटा आधीच दिलेला असतो, हे समर्थन दोन्हीकडे सारखेच. मात्र फरक किती असावा, याला काही माप हवे. आपल्याकडे सार्क देशांच्या नागरिकांना भारतीयांचाच दर लावतात, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना, मग ती कुठलीही असोत, तिकीट नसते.

मुलांवरून आठवले. मला तिथली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे चौथीतल्या मुलांचा पास. २०१५ पासून चौथीच्या वर्षातल्या प्रत्येक मुलाला वर्षभराचा मोफत पास मिळू लागला, आणि त्याच्यासोबत गाडीतल्या घरच्यांनाही प्रवेश. श्रीमंताचे मूल, गरिबाचे मूल, असा भेद नाही. उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. तशीच दुसरी सोय वॉशिंग्टन राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांत पाहिली. राज्य उद्यानाचा पास तिथे पुस्तकासारखा घरी नेता येतो. नाव नोंदवा, घेऊन जा, मुदतीत परत करा. तो पास गाडीत ठेवणारा माणूस ऐपत नाही म्हणून नेतो, की आळसाने, हे कुणाला कळत नाही. सवलत मागावी लागली, की ज्याला तिची खरी गरज आहे तोच ती मागत नाही. तो म्हणतो, घरी काम आहे.

आपल्या भागाला हा विषय दूरचा नाही. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले. त्या रानात पिढ्यान्‌ पिढ्या वसलेली गावे आहेत. शहरातून येणाऱ्यासाठी फाटक म्हणजे तिकिटाची खिडकी. तिथल्या माणसासाठी तो घरचा रस्ता आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा लोकांचे हक्क मान्य केले आहेत. तेव्हा आपल्याकडच्या कोणत्याही रानाच्या फीविषयी बोलताना तीन गोष्टी विचाराव्यात असे मला वाटते. पैसे कशाचे घेता, सोयीचे की नुसत्या पाऊल टाकण्याचे? ते जातात कुठे? आणि मागे कोण फिरले?

तिसरा प्रश्न मी प्रथम स्वतःलाच विचारला. यंदाच्या सहलीसाठी प्राचार्यांशी बोलून एक व्यवस्था केली आहे. बसभाडे आणि प्रवेशाचे पैसे जिमखाना निधीतून सर्वांचेच भरायचे, मराठी-कन्नड दोन्ही विभागांतल्या मुलांचे, कुणाचे निवडून नव्हे. रेनकोट आणि पाठपिशव्या ग्रंथालयातल्या पुस्तकांसारख्या सही करून न्यायच्या. ज्यांना वर्गणी द्यायचीच आहे त्यांच्यासाठी कचेरीबाहेर बंद पेटी ठेवली जाईल. तीत कुणी किती टाकले हे पाहिले जाणार नाही. शिदोरी मात्र ज्याची त्याने आणायची, आणि वर गेल्यावर वाटून खायची.

सूचना पुढच्या आठवड्यात फलकावर लागेल. ज्याला त्या दिवशी घरी खरेच काम असेल, त्याने ते जरूर करावे.