पीडीएफ आहे, पण वाचता येत नाही

परीक्षा जवळ आली की वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नोट्स येऊ लागतात. वहीच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो, जुन्या झेरॉक्सचं स्कॅन, सरांनी टाइप केलेली पीडीएफ. डोळस मुलं ते उघडून वाचायला बसतात. त्याच वर्गातला दृष्टिहीन विद्यार्थी फाइल उघडतो, तेव्हा हेडफोनमध्ये काहीच ऐकू येत नाही, नाहीतर ऐकू येतं, ‘ई, जे, के, बी, एच’.

ही पाच इंग्रजी अक्षरं म्हणजे कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द. डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षं वापरले गेलेले असे फॉन्ट इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी आकार दाखवतात. आपल्याला ‘म’ दिसतो, संगणकाच्या लेखी मात्र ती ‘ई’च असते. स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, आकार पाहत नाही, आतला संकेत वाचून दाखवतो. युनिकोड या प्रमाण अक्षरसंकेत पद्धतीत देवनागरीला स्वतःचे संकेत १९९१ पासूनच आहेत, तरीही जुन्या फॉन्टची सवय सुटत नाही. फोटोत तर अक्षराचा संकेतच नसतो.

वाचून दाखवणारं तंत्रज्ञान आता महाग राहिलेलं नाही. मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांच्या प्रयत्नांतून २००६ मध्ये सुरू झालेलं ‘एनव्हीडीए’ हे स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर विंडोजवर मोफत मिळतं आणि मराठीही वाचतं. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ असतं. अडतं ते फाइलपाशी.

मग ब्रेलची गरज संपली का? मुळीच नाही. नुसतं ऐकून शिकणाऱ्या मुलाला ऱ्हस्व-दीर्घ कळणार कसं? ब्रेलमध्ये पहिली आणि दुसरी वेलांटी बोटांना वेगवेगळी लागते. गणितातलं लांबलचक समीकरणही कानाने धरून ठेवणं फार कठीण. आणि युनिकोडमधला मजकूर असेल, तर तोच ब्रेल डिस्प्लेवर टिंबांच्या रूपात उमटतो, ब्रेल छपाईलाही चालतो. एकदा नीट टाइप केलं की कान आणि बोटं दोघांचीही सोय होते.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानुसार अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाची सुलभ प्रत करता येते. अशाच सवलतीसाठी २०१३ मध्ये झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारतच होता. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलांना अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं आणि सहायक साधनं मोफत देण्याची जबाबदारी त्याने सरकारवर टाकली आहे. त्याच वर्षी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं.

पण उद्याच्या तासाच्या नोट्स कुठल्याच ग्रंथालयात नसतात. त्या शिक्षकांच्या लॅपटॉपवर असतात. दयेपोटी कुणीतरी वाचून दाखवावं म्हणून मुलाने थांबून राहणं हा समावेश नव्हे, ते परावलंबन आहे.

म्हणून शिक्षकांना आणि वर्गमित्रांना एक कळकळीची विनंती. नोट्स युनिकोडमध्ये टाइप करा. पीडीएफमध्ये मराठी जोडाक्षरं बिघडू शकतात, म्हणून सोबत मूळ वर्ड फाइलही पाठवा. मथळ्यांना हेडिंगची स्टाइल द्या, म्हणजे धड्यातून थेट हव्या त्या भागावर जाता येतं. आणि आकृती असेल तिथे ती काय दाखवते, हे खाली दोन ओळींत लिहा.