चाकांवरच्या घरातील पहिला दिवस

सरकारी नोकरीत फिरती ही काही नवलाची गोष्ट नव्हे. ब्रिटिश अमदानीत जिल्ह्याचा अधिकारी हिवाळ्यात तंबू, टेबले आणि दप्तरे बैलगाड्यांवर लादून गावोगाव मुक्काम करीत असे; आमच्या पिढीच्या वाट्याला जीप आणि विश्रामगृह आले. परंतु सबंध घरच बरोबर घेऊन निघण्याचा योग मला आला तो २०२४ च्या ऑक्टोबरात, रजेवर असताना, अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात. फिनिक्स शहरी माझा धाकटा मावसभाऊ राहतो. तो, त्याची बारा वर्षांची मुलगी, माझी आई, पत्नी आणि मी अशी पाच माणसे तीन रात्रींकरिता ग्रँड कॅन्यन पाहावयास निघालो, आणि त्यासाठी त्याने एक ‘आर. व्ही.’ भाड्याने घेतली.

ही आर. व्ही. म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. मालमोटारीच्या सांगाड्यावर बांधलेले पंचवीस फूट लांबीचे घर, अशी तिची कल्पना करावी. त्यात चालकाच्या डोक्यावर एक बिछाना, मागे दुसरा, मध्ये जेवणाचे टेबल, गॅसची शेगडी, फ्रिज, न्हाणीघर आणि शौचकूप. हौसेखातर असे घर घेऊन हिंडण्याची प्रथा तशी जुनी आहे. इंग्लंडात गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारातून निवृत्त झालेल्या डॉक्टराने १८८५ साली घोड्यांनी ओढावयाची अशी एक गाडी मुद्दाम बांधवून घेतली होती, आणि १९१० मध्ये अमेरिकेतील पिअर्स-अ‍ॅरो कंपनीने मोटारीत झोपण्याची सोय करून ती न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली.

गाडी ताब्यात देणाऱ्या तरुणाने आम्हांस तासभर शिकवणी दिली. ती ऐकताना मी हळूहळू वही काढली, कारण तो जे सांगत होता तो माझ्याच खात्याचा विषय निघाला. माझी नोकरी मराठी मुलखाबाहेर, पण ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कामात आहे. गाडीच्या पोटात तीन टाक्या होत्या. पहिली स्वच्छ पाण्याची, चाळीस गॅलनची, म्हणजे सुमारे १५० लिटरची. दुसरी न्हाणीच्या व भांड्यांच्या सांडपाण्याची, सुमारे ११० लिटरची. तिला तेथे ‘करडी’ टाकी म्हणतात. तिसरी शौचकुपाची, तिचे नाव अर्थातच ‘काळी’. दाराजवळच्या फळीवर तिन्हींसाठी दिव्यांची एक ओळ: रिकामी, एक-तृतीयांश, दोन-तृतीयांश, पूर्ण. आपल्या घराने किती पाणी घेतले आणि किती बाहेर टाकले, हे दारातच टांगलेले मी तोवर कोठेही पाहिले नव्हते.

प्रवासाविषयी थोडक्यात सांगतो. अंतर सुमारे ३७० किलोमीटर. फिनिक्सच्या उकाड्यातून निघून माणूस समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटर उंचीवर, पाइन वृक्षांच्या थंडाव्यात जाऊन पोचतो. वळताना मागच्या चाकांच्या मागे लोंबणारे शेपूट बाहेर फेकले जाते, याचे भान माझ्या भावाने ठेवले. कपाटाचे दार अडकविण्याचे भान मी ठेवले नाही, त्यामुळे पहिल्याच चढणीवर तांदळाचा डबा घरभर झाला. आईने तो मुक्कामास पोचेपर्यंत कोणास वेचू दिला नाही. धावत्या गाडीत पट्टा बांधूनच बसावयाचे असते.

मॅदर कॅम्पग्राउंड या राष्ट्रीय उद्यानाच्या तळावर आम्ही दुपारी उतरलो. येथे ठरवून दिलेल्या जागेवर गाडी उभी करावयाची, परंतु वीज, नळ वा गटार यांची जोडणी मिळत नाही. पहिले काम गाडी समतल करण्याचे. भावाने टेबलावर पाणसळ ठेवली, चाकांखाली ठोकळे सरकवले आणि चार वेळा गाडी पुढे-मागे घेतली. झोपताना डोके खाली होऊ नये एवढ्यासाठी हा खटाटोप असेल, अशी माझी समजूत होती. खरे कारण फ्रिजमध्ये होते. या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. तो चक्क ज्योतीवर चालतो. गॅसच्या लहानशा ज्योतीने अमोनियाचे पाण्यातील द्रावण तापते, अमोनियाची वाफ वर चढून थंडावते, द्रव होते, आणि हा द्रव हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा बाष्परूप होताना आतील उष्णता शोषून घेतो. अग्नीने थंडावा निर्माण करण्याची ही युक्ती १९२२ साली स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी, फॉन प्लाटेन व मुंटर्स यांनी, शोधून काढली. यात पंप कोठेच नाही. द्रव केवळ स्वतःच्या वजनाने उताराने परत येतो. गाडी कलली की तो वाटेत साचतो आणि यंत्र बिघडते. उतार चुकला की पाणी तुंबते, हे मी गटारांच्या फायलींत अनेकदा लिहिले होते. फ्रिजपुढे बसून मात्र ते प्रथमच वाचले.

संध्याकाळी दरीच्या काठावर जाऊन आलो. त्या दृश्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, मी करीत नाही. परत आल्यावर पत्नीने आमटीला फोडणी दिली आणि छतावरील धुराचा इशारा देणारे यंत्र असे काही किंचाळू लागले, की शेजारच्या गाडीतील वृद्ध जोडपे विजेरी घेऊन धावत आले. खिडक्या उघडल्या, हसणे झाले, त्यांनी आमटी चाखली. आणि मग मूळ प्रश्न उभा राहिला.

जेवणे आटोपली, भांडी वाहत्या नळाखाली धुतली गेली. पुतणी न्हाऊन आली. आठ मिनिटे, तिच्या घरच्या मानाने घाईचेच. दारावरच्या फळीवर करड्या टाकीचा दिवा दोन-तृतीयांशावर गेलेला होता. पहिलाच दिवस, तोही अर्धा!

मी वही उघडली. अमेरिकेत माणशी घरगुती पाणी दिवसाला सुमारे ३०० लिटर लागते. आपल्याकडे २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे ग्रामीण प्रमाण माणशी ५५ लिटर आहे. ते पाच माणसांना लावले तर २७५ लिटर होतात, आणि आमच्या टाकीत होते १५०. “पाणी आणता येईल, दादा,” भाऊ म्हणाला, “तळावर भरून मिळते. पंचाईत सांडपाण्याची आहे. ते ओतायला सगळे घर आवरून गाडी हलवावी लागेल.” हा मुद्दा मला झोंबला. दिलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन परत येते, असे आमच्या अभियांत्रिकी संहितेतच धरलेले आहे. म्हणजे ५५ लिटरांपैकी ४४. गावात नळ किती बसले, याची तक्ते भरून माहिती मी वर पाठवीत आलो. ते ४४ लिटर कोणाच्या अंगणात, कोणत्या रस्त्यावर गेले, याचा रकाना मी कधी मागितला नाही.

त्या काठावर पाणी काही मुबलक नाही. दरीच्या उत्तर बाजूच्या झऱ्यांचे पाणी १९७० साली पुऱ्या झालेल्या नळाने दरी ओलांडून दक्षिण काठाला येते. हा नळ २०१० पासून ८५ हून अधिक वेळा फुटला आहे. आम्ही जाण्यापूर्वी दोनच महिने, ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस, तो लागोपाठ फुटल्यामुळे हॉटेलांतील मुक्काम बंद करावा लागला होता. आमच्या तळाला परवानगी होती, पण नळ बंद ठेवून.

आईने ही सारी चर्चा शांतपणे ऐकली. ती माणदेशातली, लहानपणी घागरीने पाणी आणलेली. तिने पातेल्यात दोन तांबे पाणी काढले, उरलेली भांडी आधी कागदाने पुसून त्यात विसळली आणि म्हणाली, “अंघोळी उद्या तळावरच्या न्हाणीघरात नाणी टाकून करा. इथे फक्त हातपाय.” मग शौचकुपाकडे बोट करून तिने विचारले, “आणि ते कोण नेणार?” भावाने जाड नळी, हातमोजे व ओतण्याची जागा यांचे साग्रसंगीत वर्णन केले. “तू नेशील,” ती मला म्हणाली, “तुझ्याच खात्याचे आहे.”

दहा वाजता तळावर निजानीज झाली. बाहेर थंडी गोठणबिंदूकडे उतरत होती. त्या गाडीत नळ उघडला की पंप घुर्रर्र करून चालू होतो आणि बंद केला की थांबतो. झोपलेल्या प्रत्येकास तो ऐकू येतो. रात्री दोनच्या सुमारास तो एकदा घुरघुरला, क्षणभरच. अंधारातून आईचा आवाज आला, “मीच. अर्धा पेला.”