दळीवरचे रान आणि कर्बाचा साठा

कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर ठाकर व कातकरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या दळी कसत आली आहेत. झाडझुडूप तोडून, वाळवून जाळायचे, राखेत नाचणी-वरी पेरायची आणि काही हंगामांनंतर जमीन पड टाकायची. ही पड म्हणजे ओसाड जागा असे आपण सहज समजतो. वस्तुतः तोडलेल्या साग-ऐनाची मुळे जिवंत असतात आणि खुंटांना पुन्हा धुमारे फुटतात.

वाढते झाड हवेतील कर्बवायू घेऊन लाकूड घडवते. सुक्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा कर्ब असतो. कोवळे रान कर्ब वेगाने ओढते, साठा मात्र जुन्या रानात मोठा असतो. वेग आणि साठा यांची गल्लत विद्यार्थी नेहमी करतात. लॅटिन अमेरिकेतील अशा रानांविषयी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, जुन्या जंगलाच्या ९० टक्के जैवभार परत येण्यास साधारणपणे ६६ वर्षे लागतात. पाण्याची उपलब्धता जितकी कमी, तितकी भर सावकाश. कर्जतचे पानझडी रान वर्षातील सात-आठ महिने कोरडे असते, हे येथे ध्यानात घ्यावे.

पडीचा काळ आखडला, तर साठा भरण्यापूर्वीच कुऱ्हाड पडते. उलट, पडीतली दळी लांबून निव्वळ रानच दिसते. केवळ झाडे पाहून ‘येथे कोणी कसत नाही’ असे ठरवले, तर २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावा त्या झाडांमुळेच बुडू शकतो.